कळफलकाचा पाठ आणि पाठभेद

केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली सिद्ध केलेल्या आणि पुढे १९९१ च्या भारतीय मानकात अंतर्भूत झालेल्या 'इन्स्क्रिप्ट' या मांडणीत 'ळ' या अक्षराला स्वतंत्र कळ नाही. 'ल' ची कळ शिफ्टसह दाबली की 'ळ' उमटतो. 'ण' ची अवस्थाही तीच. तो 'म' च्या कळीवर वरच्या मजल्यावर राहतो. 'आणि पाणी वेळेवर मिळाले नाही' एवढे साधे वाक्य या मांडणीत लिहिताना शिफ्ट पाच वेळा दाबावी लागते, आणि त्यांपैकी चार वेळा ती 'ण' आणि 'ळ' यांच्यासाठीच असते. मराठीचा कोणताही परिच्छेद घेऊन हा हिशेब करून पाहता येईल.

ही तक्रार नव्हे. इन्स्क्रिप्ट ही विचारपूर्वक केलेली मांडणी आहे आणि तिच्यामागील तत्त्व सुस्पष्ट आहे. आम्हांला लक्ष वेधायचे आहे ते वेगळ्या गोष्टीकडे. कळफलकावर कोणते अक्षर कोठे बसावे हा एक निर्णय असतो. त्याला कर्ता असतो, काळ असतो, गृहीतके असतात आणि परिणामही असतात. ज्या वस्तूला हे सारे असते तिला साहित्याचा विद्यार्थी संहिता म्हणतो आणि तिचा पाठ चिकित्सेने वाचतो. मराठीत कविता, कादंबरी, समीक्षा, प्रबंध असे जे काही आज लिहिले जाते त्यातील बरेचसे कोणत्या तरी कळफलकावरून जाते. त्या कळफलकाची संहिता मात्र आपण क्वचितच वाचतो.

आजवर या दुर्लक्षाला एक सबब होती. मांडणी ठरविणारे दूर कोठे तरी होते आणि लिहिणाऱ्याने ती निमूटपणे शिकून घ्यावयाची होती. गेल्या काही वर्षांत ही सबब उरलेली नाही. ज्यांची अंतर्गत आज्ञावली वापरणाऱ्याला स्वतः बदलता येते असे कळफलक आता मिळतात, आणि ती आज्ञावली, म्हणजे फर्मवेअर, मुक्त स्रोत स्वरूपात उपलब्ध असते. जपानचे जुन वाको यांनी रचलेल्या 'टीएमके' या फर्मवेअरवरून जॅक हम्बर्ट यांनी 'क्यूएमके' चा प्रकल्प उभा केला आणि पुढे जगभरच्या हौशी मंडळींनी तो वाढविला. त्याचा परवाना जीपीएल आहे. म्हणजे कोणीही ती आज्ञावली वाचावी, बदलावी, वाटावी, मात्र बदललेले रूप वाटताना त्याचा स्रोतही त्याच अटींवर द्यावा. या प्रकल्पाच्या आधारे हजारो लोक आपापल्या बोटांना सोयीच्या मांडण्या करतात आणि त्या इतरांसाठी उघड ठेवतात. या उद्योगात मराठीने उतरावे, आणि केवळ संगणकतज्ज्ञांनी नव्हे तर मराठीच्या अध्यापकांनी व विद्यार्थ्यांनी उतरावे, असे आमचे मत आहे. मात्र कसे उतरावे याबाबत आमचा एक आग्रहही आहे. त्याकडे वळण्यापूर्वी जुन्या मांडण्यांचा थोडा विचार करणे आवश्यक आहे.

तीन मांडण्या, तीन व्याकरणे

मुंबईच्या उपनगरांचा या इतिहासाशी निकटचा संबंध आहे. घाटकोपर आणि मुलुंड यांच्यामध्ये असलेल्या विक्रोळीत गोदरेज अँड बॉईस या कंपनीने १९५५ साली भारतीय बनावटीचे टंकयंत्र तयार केले. पुढे ते उत्पादन सातारा जिल्ह्यातील शिरवळ येथे हलले आणि २००९ च्या सुमारास थांबले. २०११ साली त्याची बातमी जगभर पसरली तेव्हा अनेकांना एक युग संपल्यासारखे वाटले. यंत्र गेले तरी त्या यंत्राने शिकविलेली बोटे गेली नाहीत. उपनगरांतील स्थानकांच्या आसपास असलेल्या टायपिंग इन्स्टिट्यूटांतून मिनिटाला ३० आणि ४० शब्दांच्या मराठी परीक्षा दिलेल्या पिढ्या शासकीय कचेऱ्यांत, न्यायालयांत, छापखान्यांत गेल्या. विद्यापीठांतील कितीतरी मराठी प्रबंध याच बोटांनी टंकलिखित केले.

रेमिंग्टन पद्धतीच्या या मांडणीला लिपी म्हणजे कागदावर दिसणारी आकृती वाटते. तिच्यात 'कि' लिहिताना आधी वेलांटी उमटवावी लागते आणि मग 'क', कारण कागदावर वेलांटी डावीकडे आहे. 'धर्म' लिहिताना 'ध', 'म' आणि शेवटी रफार, कारण रफार 'म' च्या डोक्यावर दिसतो. 'ख', 'थ', 'ध', 'भ', 'ण', 'श' ही अक्षरे तर अर्धी उमटवून त्यांना काना जोडला की पूर्ण होतात. ज्या यंत्राला शंभराच्या आत चिन्हे घेऊन सारी देवनागरी लिहावयाची होती, त्याने अक्षरांचे सुटे भाग केले यात आश्चर्य नाही. वर्ण, अक्षर, जोडाक्षर या व्याकरणातील कोटींपेक्षा दांडा, गाठ, काना हे सुलेखनातील घटक तिला अधिक जवळचे आहेत.

इन्स्क्रिप्टची दृष्टी याच्या बरोबर उलट आहे. तिच्या लेखी लिपी म्हणजे उच्चाराचा क्रम. 'कि' मध्ये आधी 'क' आणि मग वेलांटी. 'धर्म' मध्ये 'ध', 'र', हलन्त, 'म'. स्वर व स्वरचिन्हे डाव्या हाताला, व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला. 'क' च्या वर 'ख', 'ग' च्या वर 'घ', 'त' च्या वर 'थ', अशी अल्पप्राणावर महाप्राणाची रचना आहे. आणि त्याच न्यायाने 'ल' वर 'ळ'. ही मांडणी सर्व भारतीय लिप्यांना समान आहे. मराठी टंकलेखकाने ती शिकली की गुजराती वा कन्नड अक्षरे कोठे असतील हे त्याच्या बोटांना आपोआप कळते. हे मोठेच यश आहे. त्याची किंमत अशी की कोणत्या भाषेत कोणते अक्षर किती वेळा येते याचा विचार या मांडणीत करता येत नाही. वर्णांमधील नात्याला तीत स्थान आहे, एका भाषेच्या सवयीला नाही.

तिसरी पद्धत रोमी अक्षरांतून मराठी लिहिण्याची. अविनाश चोपडे यांच्या 'आयट्रान्स' ने १९९० च्या दशकाच्या आरंभी तिला शिस्तबद्ध रूप दिले, आणि महाजालावरील मराठी लेखनाची पहिली लाट बव्हंशी तिच्या वेगवेगळ्या अवतारांवर स्वार होऊन आली. ॐकार जोशी यांच्या 'गमभन' चे ऋण त्या काळात लिहू लागलेल्या अनेकांवर आहे. या पद्धतीने शिकण्याचा अडसर जवळजवळ नाहीसा केला. मात्र तिच्यात लेखकाला मराठी शब्दाचे मनातल्या मनात रोमी वर्णलेखन करावे लागते, आणि गंमत अशी की 'ण' व 'ळ' येथेही मोठ्या लिपीतील रोमी अक्षरांतून, म्हणजे पुन्हा शिफ्ट दाबूनच, मिळतात. रोमी लिपीत त्यांना घर नाही. त्यांना 'न' व 'ल' यांच्या घरी पाहुणे म्हणून राहावे लागते.

या तिन्हींहून निराळा प्रयत्नही उपनगरातच झाला. पवईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'कीलेख' नावाचा कळफलक घडविला आणि २००४ मध्ये त्यावरील शोधनिबंध सादर केला. शाळेच्या भिंतीवरील तक्त्यात वर्णमाला जशी वर्गावर्गाने मांडलेली असते तशीच ती कळांवर मांडावी, म्हणजे अक्षरओळख असलेल्या कोणालाही वेगळे प्रशिक्षण लागणार नाही, ही त्यामागची कल्पना. तेथूनच पुढे २०१३ मध्ये मोबाइलसाठी 'स्वरचक्र' आले. त्यात व्यंजनावर बोट ठेवले की त्याभोवती बाराखडीचे वर्तुळ उमलते. पाटीवरची वर्णमाला प्रथम कळांवर आणि मग काचेवर उतरविण्याचा हा प्रवास मराठीच्या अभ्यासकांनी अभ्यासावा इतका अर्थपूर्ण आहे.

तात्पर्य, मांडणी ही लिपीविषयीची एक भूमिका असते. डोळ्यांची लिपी, उच्चाराची लिपी, रोमीतून गाळून आलेली लिपी आणि शाळेतली लिपी अशा चार भूमिका आपल्या बोटांखाली पन्नासेक वर्षांत येऊन गेल्या. पाचवी भूमिका मांडण्याची संधी आता लिहिणाऱ्याला मिळते आहे.

जागेचा क्रमांक आणि अक्षराचा क्रमांक

ही संधी नेमकी कशी आहे हे समजण्यासाठी थोडा तांत्रिक तपशील अपरिहार्य आहे. कळफलक संगणकाकडे अक्षर पाठवत नाही. तो जागेचा क्रमांक पाठवतो. इंग्रजी 'ए' लिहिलेली कळ दाबली की संगणकाकडे ४ हा क्रमांक जातो. संगणकात इंग्रजी मांडणी चालू असेल तर त्या चाराचा अर्थ 'ए', इन्स्क्रिप्ट चालू असेल तर त्याच चाराचा अर्थ ओकाराचे चिन्ह. म्हणजे अर्थनिर्णय दोन ठिकाणी होतो: कोणत्या जागेला कोणता क्रमांक द्यावयाचा हे कळफलकात ठरते, आणि त्या क्रमांकाचे कोणते अक्षर करावयाचे हे संगणकात. फर्मवेअर बदलता येऊ लागल्याने पहिले ठिकाण प्रथमच लिहिणाऱ्याच्या हाती आले आहे.

या पहिल्या ठिकाणी काय करता येते? अंगठ्याखालच्या एखाद्या कळीला असे सांगता येते की तू दाबली गेलीस की शिफ्टसह 'म' च्या जागेचा क्रमांक पाठव. संगणकात इन्स्क्रिप्ट असल्यामुळे तेथे 'ण' उमटतो. दुसऱ्या कळीला 'ळ' देता येतो. 'क्ष' साठी 'क', हलन्त, 'ष' हा क्रम एकाच कळीत साठविता येतो. एकच कळ हलकेच दाबली तर एक अक्षर आणि धरून ठेवली तर दुसरे काम, अशी दुहेरी योजना करता येते. कळफलकाला अनेक थर देता येतात: एक नेहमीच्या लेखनाचा, एक अंकांचा, एक दुर्मीळ चिन्हांचा.

या शेवटच्या सोयीचे महत्त्व साहित्याच्या अभ्यासकाला विशेष वाटावे. जुन्या संहितेची प्रत टंकलिखित करणाऱ्याला अवग्रह लागतो, दंड लागतो, दुहेरी दंड लागतो. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा, हा भेद दाखविणारा अर्ध्या 'र' चा मराठी आकार लागतो. 'ॲ' ला युनिकोडमध्ये स्वतंत्र संकेतांक २००८ मध्ये मिळाला, आणि त्याआधीच्या साधनांवर वाढलेल्या बोटांना तो आजही शोधावा लागतो. मोडी लिपी २०१४ मध्ये युनिकोडमध्ये आली. पण मोडी अक्षरे छापलेला कळफलक बाजारात शोधून सापडणार नाही. ज्याला मोडी दप्तरांतील मजकूर मोडीतच उतरवून घ्यावयाचा आहे त्याने स्वतःसाठी मोडीचा एक थर का करू नये?

या पद्धतीला मर्यादा आहेत, त्याही सांगितल्या पाहिजेत. कळफलक आणि संगणक यांच्यातील ठरलेल्या संकेतांत युनिकोडला जागा नाही. म्हणून थेट 'ळ' पाठवावयाचा तर फर्मवेअरला वळसा घ्यावा लागतो. लिनक्सवर कंट्रोल, शिफ्ट आणि 'यू' दाबून त्यानंतर '०९३३' हा संकेतांक टंकल्याचे सोंग करावे लागते. विंडोज व मॅक यांवर हे सोंग निराळे असते. मोडीच्या थराला हाच वळसा घ्यावा लागेल. रेमिंग्टनची सवय असलेल्या बोटांना फर्मवेअरमधून युनिकोड लिहू द्यावयाचे तर अडचण आणखी वाढते: आधी दाबलेली वेलांटी आज्ञावलीने लक्षात ठेवावी, पुढचे अक्षर पूर्ण होईपर्यंत थांबावे आणि मग पाठवावी. 'स्थिती' मधल्या पहिल्या वेलांटीने कोठवर थांबावे हे ठरविताना जोडाक्षर कोठे संपते याचा नियम लिहावा लागतो. हा प्रश्न दिसायला तांत्रिक आहे, वस्तुतः तो व्याकरणाचा आहे, आणि त्याचे उत्तर मराठीच्या वर्गात अधिक चांगले मिळू शकेल.

वाटणे म्हणजे काय

आता आमच्या आग्रहाकडे येऊ. आपापल्या सोयीची मांडणी प्रत्येकाने करणे एवढ्यावर हा विषय संपत असता तर त्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. मुक्त स्रोताच्या परंपरेतील खरी शक्ती वाटण्यात आहे. या बाबतीत मराठीचा अनुभव बोलका आहे, कारण आपण वाटणाऱ्यांचे लाभार्थी आहोत.

लिनक्समध्ये मराठीसाठी आज जी ध्वन्यानुसारी मांडणी मिळते तिचे नाव 'कागापा'. हे नाव कन्नड गणक परिषदेच्या आद्याक्षरांवरून आले आहे. कन्नडसाठी झालेले काम खुले होते, म्हणून ते मराठीला, हिंदीला, संस्कृतला जुळवून घेता आले. सीमाप्रश्नावर दोन राज्यांचे एकमत होवो न होवो, कळफलकावर कन्नडची बोटे मराठीला वळण देऊन गेली आहेत.

दुसरे उदाहरण उपनगरातले आहे. जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात, जे पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाले, प्राध्यापक र. कृ. जोशी यांनी भारतीय लिप्यांच्या टंकांचे काम केले. साहित्याच्या वाचकांना ते कवी आणि सुलेखनकार म्हणून परिचित आहेत. विंडोजबरोबर घरोघरी गेलेला 'मंगल' हा टंक त्यांचाच. याच केंद्रातून त्यांचा 'रघू' हा देवनागरी टंक जीपीएल परवान्याखाली मुक्त झाला. एका मराठी कवीने घडविलेली अक्षरे कोणीही वापरावी, बदलावी, पुढे द्यावी अशा अटीवर समाजाला मिळाली, ही घटना आमच्या मते आपल्या वाङ्मयीन इतिहासाचाही भाग आहे.

वाटण्याची एक रीत आपल्या परंपरेला फार पूर्वीपासून माहीत आहे. हस्तलिखिताच्या शेवटी लेखक कोण, प्रत कोठे व कोणत्या शकात लिहिली, कोणासाठी लिहिली याची नोंद असे. शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तेव्हा आपण काय केले आणि पुढच्यांनी काय करू नये हे त्यांनी प्रतीतच सांगून ठेवले. पुढच्यांनी भर घालू नये हा त्यांचा आदेश मुक्त स्रोताच्या वृत्तीशी विसंगत वाटेल. पण केलेल्या बदलाची जबाबदारी स्वीकारून ती नोंदविण्याची त्यांची शिस्त मात्र आजच्या कोणत्याही उत्तम प्रकल्पाला शोभणारी आहे. महाजालावर ठेवलेल्या अनेक मांडण्यांत नेमकी हीच शिस्त आढळत नाही. आज्ञावली असते, कारण नसते. 'ळ' डाव्या अंगठ्याखाली का, 'ज्ञ' ला स्वतंत्र कळ का, कोणता मजकूर समोर ठेवून हे ठरविले, यावर एक ओळही नसते. अशी मांडणी उतरवून घेता येते, तिच्याशी वाद घालता येत नाही. आणि ज्याच्याशी वाद घालता येत नाही त्यात सुधारणाही होत नाही.

त्यात भर अशी की क्यूएमकेच्या चालकांनी २०२३ पासून वैयक्तिक मांडण्या मुख्य भांडारात घेणे थांबविले. प्रत्येकाने आपले भांडार वेगळे ठेवावे अशी नवी व्यवस्था आहे. प्रकल्पाच्या दृष्टीने ती रास्तच म्हणावी लागेल. पण परिणामी मांडण्या विखुरल्या जातात, आणि विखुरलेल्या प्रतींची सूची कोणी तरी करावी लागते. सूची करणे हे ज्यांचे शास्त्र आहे ती मंडळी मराठी विभागांत आणि ग्रंथालयांत बसलेली आहेत.

सकळ लिपीचा इशारा

स्वतःची मांडणी करण्यात एक धोका आहे, आणि तो समजण्यासाठीही मराठी वाङ्मयाचाच इतिहास उपयोगी पडतो. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिले. त्यांत नेहमीच्या अक्षरांच्या जागी दुसरी अक्षरे वा चिन्हे योजलेली असत. आजच्या भाषेत बोलायचे तर ती पुनर्मांडणीच होती. ग्रंथांचे पावित्र्य जपण्याच्या दृष्टीने पंथाला ती आवश्यक वाटली असेल. पण त्यामुळे मराठी गद्याचा आरंभकालीन ठेवा शतकानुशतके पंथाबाहेरच्या वाचकांना बंद राहिला. वि. का. राजवाडे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी या लिपीची उकल केल्यानंतरच 'लीळाचरित्रा'सारख्या ग्रंथांचा व्यापक अभ्यास शक्य झाला.

आपण याच चुकीची आवृत्ती अगदी अलीकडे काढली. युनिकोड रुळण्यापूर्वीच्या काळात प्रत्येक मराठी टंकाचे संकेतन वेगळे होते. एका टंकात लिहिलेला मजकूर दुसऱ्या टंकात नेला की त्याचे निरर्थक चिन्हांत रूपांतर होई. १९९० च्या आणि २००० च्या दशकांतील मराठीचे प्रबंध, नियतकालिकांचे अंक, अनुवाद यांच्या मूळ फायली अशा संकेतनांत अडकलेल्या आहेत. छापील प्रत हाती आहे तोवर ठीक, ती गेली की फाइल असून नसल्यासारखी. सकळ लिपीमागे निदान श्रद्धा होती. येथे तेवढेही कारण नव्हते.

या दोन अनुभवांवरून आम्ही एक सूत्र काढतो. जागेचा क्रमांक ज्याचा त्याने ठरवावा. अक्षराचा क्रमांक मात्र सर्वांचा एकच असावा. फर्मवेअरमध्ये 'ळ' कोठेही ठेवा, पण कागदावर वा पडद्यावर पोहोचणारा 'ळ' युनिकोडमधला तोच '०९३३' असला पाहिजे. 'ॲ' साठी 'अ' आणि चंद्राची जुनी जोडी न पाठवता २००८ नंतरचे एकच अक्षर पाठवावे. 'दऱ्या' मधल्या 'र' साठी नुक्ता असलेला 'ऱ' च वापरावा. तसे झाले नाही तर दिसायला सारखे दिसणारे दोन शब्द संगणकाच्या शोधाला वेगळे वाटतील, आणि उद्याचा कोशकार किंवा शब्दसूचीकार त्यांतला एक गमावील. बोटांचे स्वातंत्र्य आणि संहितेची एकरूपता यांत विरोध नाही. उलट दुसरी सांभाळली तरच पहिले निर्धास्तपणे उपभोगता येते.

काही आक्षेप

पहिला आक्षेप प्रमाणीकरणाचा. एक प्रमाण मांडणी असताना पन्नास मांडण्या कशाला? शिकविण्यासाठी, परीक्षेसाठी आणि सार्वजनिक यंत्रांसाठी एक प्रमाण मांडणी हवीच, आणि ती इन्स्क्रिप्ट असावी असेच आम्हांला वाटते. पण प्रमाणभाषा असल्याने बोली निरुपयोगी ठरत नाहीत. बोलींतून प्रमाणभाषेला शब्द मिळतात, तसे खाजगी मांडण्यांतून प्रमाण मांडणीला पुढच्या सुधारणेसाठी पुरावा मिळू शकतो. शंभर मराठी लेखकांनी 'ण' आणि 'ळ' स्वतंत्रपणे अंगठ्याखाली आणले असे दिसले तर तो लेखी पुरावा असेल.

दुसरा आक्षेप खर्चाचा. असे कळफलक सामान्य कळफलकापेक्षा बरेच महाग असतात आणि विद्यार्थ्याला ते परवडतीलच असे नाही. हे खरे आहे. परंतु मांडणीचा विचार वस्तूवर अवलंबून नाही. फर्मवेअरमध्ये सिद्ध झालेली मांडणी संगणकातील मांडणीच्या फायलीतही उतरविता येते, आणि ती फाइल फुकट असते. विभागात असे दोन कळफलक प्रयोगासाठी असले तरी पुरे.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: मराठी आता मोबाइलवर अंगठ्याने लिहिली जाते किंवा बोलून उतरविली जाते, तेव्हा कळफलकाची चिंता हा स्मरणरंजनाचा प्रकार नाही काय? निरोप, टिपणे, छोटे लेखन यांपुरते हे मान्य करता येईल. तीनशे पानांचा प्रबंध, कादंबरीचा अनुवाद, शब्दकोश, पाठचिकित्सित आवृत्ती ही कामे मात्र अजून कळफलकासमोर बसूनच होतात, आणि भाषेचा टिकाऊ व्यवहार याच कामांवर उभा असतो. शिवाय मोबाइलवरचे साधन पुढचा शब्द सुचवते आणि आपण तो स्वीकारतो. बोटाने निवडलेले अक्षर आणि यंत्राने सुचविलेला शब्द यांतला फरक वाङ्मयाच्या अभ्यासकाला तरी क्षुल्लक वाटू नये.

विभागांनी काय करावे

आमच्या सूचना साध्या आहेत. मराठीच्या एखाद्या पदव्युत्तर वर्गाने आपल्या आवडीचे गद्य आणि पद्य घेऊन अक्षरांची वारंवारता मोजावी. संतसाहित्यात, दलित आत्मकथनांत, मालवणी वा अहिराणी लेखनात ती वेगवेगळी येते का हे पाहावे. त्यावरून एक मांडणी सुचवावी. ती मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध करावी आणि सोबत प्रस्तावना जोडावी: कोणता मजकूर मोजला, कोणता निर्णय का घेतला, कोणता पर्याय का नाकारला, आधीच्या कोणाच्या कामावर हे उभे आहे. पुढच्या वर्षीच्या वर्गाने तीत बदल करावा आणि पाठभेद नोंदवावेत. टंकलेखनात आयुष्य घालविलेल्या व्यक्तींना या कामात बोलवावे. कोणती अक्षरे बोटांना जड जातात याचे ज्ञान त्यांच्याकडे आहे आणि ते लिहून ठेवले जाण्याआधीच नाहीसे होत चालले आहे.

यासाठी फार मोठ्या संस्थेची वाट पाहण्याची गरज नाही. जुहू, पवई आणि विक्रोळी ही तिन्ही ठिकाणे आणि कालिन्यातील विद्यापीठाचे आवार हे सारे उपनगरांतच, एका दिवसात फिरून येण्याजोग्या अंतरात आहेत. टंक, कळफलक आणि टंकयंत्र यांचे काम येथे अभियंत्यांनी, अभिकल्पकांनी आणि कारखान्यातील कामगारांनी केले. आता मराठीच्या विभागांनी आपल्या वाट्याचे काम उचलावे, आणि पहिली मांडणी प्रस्तावनेसह लवकरात लवकर प्रसिद्ध करावी. ती सदोष असली तरी चालेल. दोष दाखविता येतील अशा रीतीने ती लिहिलेली असली म्हणजे झाले.